मजुरी भावात धरा

नरखेड तालुक्यात कापसाचा पहिला वेचा सुरू झाला की पारावर, पानठेल्यावर, बाजार समितीच्या आवारात एकच वाक्य ऐकू येते: "मजूरच भेटत नाही." पाठोपाठ कारणही तयार असते. लाडकी बहीण योजनेचे पंधराशे खात्यात पडतात, रेशनचे धान्य फुकट आहे, मग वावरात कोण येते? हे आता इतक्या वेळा बोलले गेले आहे की ते खरे आहे की नाही हे तपासायची गरजच कुणाला वाटत नाही. म्हणून आधी तेवढे तपासू. महिन्याचे पंधराशे म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. दिवसाच्या पन्नास रुपयांनी एखादी बाई कामाला येईनाशी होत असेल, तर त्या कामाचे दाम किती असेल याचा विचार व्हायला हवा. मजूर मिळत नाही या तक्रारीत दोन शब्द गाळलेले असतात. पूर्ण वाक्य "या दरात मजूर मिळत नाही" असे आहे.

किमान वेतन वाढवावे की नाही, हा वाद शहरात चालतो तेव्हा डोळ्यांपुढे कारखाना असतो, दुकान असते, सुरक्षारक्षक असतो. नरखेडात तो वाद वावरात आहे. इथला मोठा मजूरवर्ग शेतातला आहे, त्यात निम्म्याहून जास्त कष्ट बायांचे आहेत. निंदण त्यांचे, कापूस वेचणे त्यांचे, संत्र्याच्या बागेत झाडाखाली बसून फळ निवडणे त्यांचे. किमान वेतनाचा आकडा वाढला की त्यातले यांच्या पदरात किती पडते, यावरच त्या वाढीची परीक्षा व्हायला हवी.

कापसाच्या वेचणीचे बघा. बाई दव वाळायची वाट पाहते, कारण ओला कापूस मालक घेत नाही आणि खरेदी केंद्रावर ओलावा मोजला जातो. मग कमरेला ओटी बांधून ती ओळीत शिरते. दोन्ही हात चालतात, वाळलेल्या बोंडाची टोके बोटांत शिरतात, ओटी भरली की धुऱ्यावरच्या गाठोड्यात रिकामी करायची आणि परत ओळ धरायची. संध्याकाळी काटा लागतो. मजुरी किलोवर असते, अलीकडच्या हंगामांत किलोला आठ-दहा रुपये, कुठे थोडी जास्त. पऱ्हाटी फुटून पांढरी झाली असेल आणि हात चालणारा असेल तर तीस-पस्तीस किलो निघतात आणि तीनशे रुपये पडतात. शेवटच्या वेच्याला झाडावर फार काही उरलेले नसते. बाई तितकीच चालते, तितकीच वाकते, पण पंधरा किलो जेमतेम भरतात. दिवस तेवढाच, ऊनही तेवढेच, हातात दीडशे. तिच्या वाट्याला आलेला कमी कापूस ही तिची कामचुकारी नव्हे, ते त्या वर्षीचे पीक आहे. पिकाची जोखीम अशी अलगद मालकाकडून मजुराकडे सरकते आणि कुणाला त्यात काही वावगे वाटत नाही.

कायद्याला मात्र ते वावगे वाटले होते. किमान वेतनाचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातले मजूरमंत्री असताना 1946 मध्ये मांडले आणि 1948 मध्ये त्याचा कायदा झाला. त्या कायद्यात शेती पहिल्यापासून होती. नगावर किंवा वजनावर काम असेल तर दिवसाच्या हिशेबाने निदान इतके मिळालेच पाहिजे, असा हमीदर ठरवण्याची तरतूदही त्यात होती. म्हणजे किलोच्या दराआड लपायला कायद्याने जागा ठेवलेली नव्हती. आज तो कायदा वेतन संहितेत विलीन झाला आहे. 2019 ची ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि किमान वेतनाचा हक्क आता ठरावीक यादीतल्या उद्योगांपुरता न राहता सगळ्या कामगारांना मिळाला. केंद्राने एक तळदर ठरवायचा आणि कोणत्याही राज्याने त्याच्या खाली जायचे नाही, हेही त्यात आहे. तरतूद चांगली आहे. पण याआधी केंद्राने सुचवलेला असा तळदर 2017 मध्ये 176 रुपये होता आणि 2019 मध्ये तो दोन रुपयांनी वाढून 178 झाला. त्याच 2019 च्या जानेवारीत केंद्रानेच नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने आहार, कपडा, घरभाडे यांचा हिशेब मांडून दिवसाला 375 रुपये सुचवले होते. समिती नेमायची, तिने हिशेब करायचा आणि मग त्याच्या निम्म्याहून कमी आकड्यावर थांबायचे, याला वाद म्हणता येत नाही.

किमान वेतनाच्या हिशेबात एक जुने सूत्र आहे. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने ठरवले की एका कमावत्याच्या वेतनात त्याच्यासह चौघांचे भागले पाहिजे. कर्ता एक, बायको 0.8 आणि दोन मुले प्रत्येकी 0.6, असे मिळून तीन घटक धरायचे. बाईच्या आणि मुलांच्या कमाईचा विचार करायचा नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. बाईची भूक पुरुषापेक्षा कमी धरणारे ते 0.8 आज खटकते, खटकायलाच हवे. पण सूत्राचा हेतू उदार होता: एकाच्या कष्टात घर चालावे. नरखेडच्या मजूर वस्तीत नवरा आणि बायको दोघेही रोज बाहेर पडतात, पोरगी सुट्टीच्या दिवशी आईबरोबर वेचायला जाते, आणि तरी किराणा दुकानात वही चालू असते.

बाईच्या आणि गड्याच्या रोजीत तर उघड तफावत आहे. विदर्भात गेल्या काही हंगामांत बाईला दोनशे-अडीचशे आणि गड्याला चारशेच्या आसपास, हे सर्रास चालते. समान कामाला समान मोबदला देण्याचे बंधन 1976 पासून कायद्यात आहे. त्यावर तयार उत्तर असते की काम समान नाही. गडी फवारतो, वखरतो, शिडीवर चढून संत्री तोडतो. बाई खाली बसून निवडते. पण निवडणीत चूक झाली तर आख्खा क्रेट बाजारात घसरतो. डागी फळ, कोळशीने काळवंडलेले फळ, देठाशी मऊ पडलेले फळ हे नजरेने आणि बोटाने ओळखून वेगळे करणे याला कसब लागते. आजवर ते काम बायांनी केले म्हणून ते हलके ठरले आहे. निंदणाचेही तसेच. दिवसभर उकिडवे बसून पीक न दुखावता तण काढणे ज्यांना हलके वाटते त्यांनी एक तास ते करून पाहावे.

आता शेजारचा प्रांत. नरखेड तालुका मध्य प्रदेशच्या सीमेला टेकलेला आहे, पांढुर्णा हाकेच्या अंतरावर. रिझर्व्ह बँकेच्या 2022-23 च्या आकड्यांत पुरुष शेतमजुराची रोजी केरळात 764 रुपये होती, देशाची सरासरी 345 आणि मध्य प्रदेशात 229, मोठ्या राज्यांत सर्वांत कमी. सीमेपलीकडून मजूर इकडे येतात याचे कारण या आकड्यांतच आहे. इथल्या मजुराला मग ऐकावे लागते की तुला परवडत नसेल तर तिकडून गाडी भरून आणू. केरळात शेतमजूर उपाशी पडला नाही, उलट बाहेरच्या राज्यांतला मजूर तिकडे धावला. तिथे ही रोजी एका फर्मानाने आली नाही. संघटना, जमीन सुधारणा, परदेशी गेलेली माणसे, शाळा असे पुष्कळ काही त्यामागे आहे. पण रोजी वाढली की गाव बुडते, हे भाकीत तिथे खरे झाले नाही, एवढे तरी मान्य करावे लागेल.

वेतन वाढवण्याच्या विरोधकांकडे एक खरा पुरावा आहे आणि तो महाराष्ट्रातलाच आहे. तो टाळून हा वाद प्रामाणिकपणे करता येणार नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी 1972 च्या दुष्काळात पसरली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. तिची मजुरी शेतीच्या किमान वेतनाशी जोडलेली होती. 1988 मध्ये किमान वेतन जवळपास दुप्पट झाले, त्याबरोबर हमीची मजुरीही वाढली, आणि पुढच्या काळात हमीवरचा रोजगार लक्षणीय घटला. अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसले की कामे मागणाऱ्यांना कामे मिळेनाशी झाली होती. ज्याला हमी म्हणायचे तिचे रेशनिंग सुरू झाले. विरोधक म्हणतात, बघा, वेतन वाढवले आणि काम गेले. मला त्यातून वेगळा धडा दिसतो. वेतन वाढवताना त्याचे पैसे कुठून येणार हे कुणी ठरवले नाही. मजुरी दुप्पट आणि पैशाचा हात मात्र आखडता, असे झाले की फटका शेवटच्या मजुराला बसणारच. वेतनवाढीचा आदेश काढणे हे अर्धे काम आहे. उरलेले अर्धे म्हणजे तो पैसा कोणाच्या खिशातून यावा ते सांगणे, आणि शेतीत नेमके तेच आजवर झालेले नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने 1992 मध्ये किमान वेतन वाढवले तेव्हा तिथल्या हॉटेलांत नोकऱ्या घटल्या नाहीत, हे कार्ड आणि क्रूगर यांनी दाखवून दिले. पण तिथला मालक वाढलेला खर्च खाद्यपदार्थाच्या किमतीत थोडा मिळवू शकत होता. नरखेडचा कास्तकार आपल्या कापसाची किंमत स्वतः ठरवत नाही. सगळी गोष्ट इथे अडते.

म्हणून शेतकऱ्याची अडचण खोटी म्हणून झिडकारणाऱ्यांशी मला अजिबात सहमत होता येत नाही. चार-पाच एकर कोरडवाहू जमिनीचा मालक हा मालक म्हणण्यासारखा असतो तरी किती? पुष्कळ घरांत हंगामाचे काही दिवस तो स्वतः दुसऱ्याच्या वावरात जातो, बायको निंदायला जाते. 2025 च्या ऑगस्टमध्ये कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले गेले आणि पुढे ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. त्या काळात खासगी बाजारातले भाव हमीभावाच्या खाली होते. संत्र्याची तऱ्हा तीच. आपल्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक असलेल्या बांगलादेशाने 2019 मध्ये किलोमागे 20 रुपये असलेले आयात शुल्क 2023 पर्यंत 88 रुपयांवर नेले आणि आंबिया बहाराचे भाव कोसळले. फळगळती, पाण्याची खाली गेलेली पातळी, हजार फुटांपर्यंत नेऊनही कोरड्या लागणाऱ्या बोअरवेली हे सगळे सोसून तो उभा आहे. त्याला मजुरी वाढव असे नुसते सांगणे म्हणजे एका गरिबाचे देणे दुसऱ्या गरिबाच्या नावावर लिहिणे होय. पण म्हणून ते देणे बुडवायचे का?

नाही. ते भावात धरायचे.

हिशेब अवघड नाही. 2025-26 साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7710 रुपये ठरला. तो काढताना उत्पादन खर्च 5140 धरला आणि त्याची दीडपट केली. वेचणीचा दर किलोला दहा धरला तर क्विंटलला हजार रुपये होतात. हा दर तेरा रुपये केला तर खर्च तीनशेने वाढतो, 5440 होतो, आणि दीडपटीच्या त्याच सूत्राने हमीभाव 8160 व्हायला हवा. म्हणजे बाईला किलोमागे तीन रुपये जास्त देऊन शेतकऱ्याच्या हातात क्विंटलमागे दीडशे रुपये वाढीव उरतात. दोघांचे हित एकाच ओळीत येते. कृषिमूल्य आयोगाच्या खर्चाच्या व्याख्यांमध्ये अशी एक व्याख्या आधीपासून आहे, जिच्यात श्रमाची किंमत बाजारभावाने किंवा कायद्यातल्या किमान वेतनाने, यांत जी जास्त असेल ती धरायची. ती व्याख्या कागदावर राहते. हमीभाव मात्र प्रत्यक्ष झालेला खर्च आणि घरच्या माणसांचे श्रम एवढ्यावरच निघतो. परिणाम असा की ज्या भागात मजुराला कमी दिले जाते तिथला खर्च कमी दिसतो, कमी खर्चावर भाव कमी निघतो, आणि कमी भाव मिळाला म्हणून पुढच्या हंगामात मजुराला पुन्हा कमी दिले जाते. हे चक्र मजुराने थांबवायचे की शेतकऱ्याने? थांबवू शकतो तो भाव ठरवणारा.

यावर म्हणतील की हमीभाव देशभर एकच असतो, विदर्भासाठी वेगळा कसा काढणार? ठीक आहे, मग राज्याने फरक भरून द्यावा. पूर्व विदर्भातल्या धानाला हेक्टरी वीस हजार रुपये बोनस राज्य सरकारने दिलेलाच आहे. तसाच आधार कापसाला द्या आणि त्याचा एक भाग वेचणीच्या दराला बांधा.

संत्र्याला हमीभाव नाही, तिथे दुसरी वाट आहे. बहुतेक बागा फळ झाडावर असतानाच व्यापारी घेतो. तोडणी त्याची, निवडणी त्याची, वाहतूक त्याची. म्हणजे त्या दिवशी बागेतल्या बायांचा मालक तो व्यापारी असतो, शेतकरी नव्हे. पण मजुरी ठेकेदाराच्या हातून जाते आणि कागदावर कोणीच मालक नसतो. बाजार समितीचा परवाना ज्याच्याकडे आहे त्याने किती मजूर लावले, काय दर दिला, याची साधी नोंद समितीकडे द्यावी, परवान्याच्या नूतनीकरणाला ती नोंद लागावी. पहाटे एका मालवाहू ऑटोत पंधरा-वीस बाया उभ्या कोंबून बागेकडे नेल्या जातात. वाटेत काही झाले तर त्या कुणाच्या कामावर होत्या, हे निदान त्या नोंदीवरून कळेल.

आणि सरकारच्या स्वतःच्या घराचे काय? तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांत पोषण आहार शिजवणारी बाई रोज चूल पेटवते, तांदूळ निवडते, शंभर पोरांची ताटे वाढते, भांडी घासते. तिला महिन्याला पंधराशे रुपये होते, ते वाढून अडीच हजार झाले, आणि तेही वर्षातले दहा महिने. तिच्या पैशाला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात, आणि मानधनाला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही असे धरले जाते. या मानधनाचा केंद्राने ठरवलेला मूळ हजाराचा आकडा 2009 पासून तसाच आहे. 1982 मध्ये आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की किमान वेतनाहून कमी दाम देऊन काम करून घेणे ही राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने निषिद्ध केलेली वेठबिगारी आहे. उत्तर प्रदेशातल्या शाळेत महिन्याला हजार रुपयांवर स्वयंपाक करणाऱ्या एका बाईच्या खटल्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2020 मध्ये हेच तत्त्व लावले. महाराष्ट्र सरकारने नरखेडच्या शेतकऱ्याला किमान वेतनाचे धडे देण्याआधी ही चूल पाहावी.

सरकारची दुसरी मजुरी केंद्राच्या रोजगार हमीची, म्हणजे मनरेगाची: तिचा दर 1 एप्रिल 2025 पासून महाराष्ट्रात 312 रुपये झाला. तो कमी असला तरी त्याने एक मोलाची गोष्ट केली होती: बाईला आणि गड्याला सारखाच दर. गावाजवळ हमीचे काम निघाले की बायांना वावरातला दर नाकारता येत होता. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा आणला. शंभराऐवजी सव्वाशे दिवस कामाची हमी त्यात आहे, त्याचे स्वागत. पण पेरणी-कापणीच्या ऐन हंगामातले मिळून साठ दिवस राज्याने जाहीर करायचे आणि त्या काळात ही कामे काढायची नाहीत, असेही त्यात आहे. ज्या दिवसांत मजुराला चार पैसे जास्त मागता येतात, नेमके तेच दिवस हे. शेतीला माणूस मिळावा ही इच्छा समजू शकते. तरी माणूस मिळवण्याचा मार्ग त्याचा दुसरा पर्याय बंद करणे हा असू शकत नाही. ते साठ दिवस जाहीर करायचेच असतील तर त्याच आदेशात त्या साठ दिवसांचा वावरातला किमान दर, वेचणीचा किलोचा दर आणि दिवसाचा हमीदर छापून यावा. तो नसेल तर नरखेडमधून त्या साठ दिवसांना विरोध व्हावा, आणि तो शेतकऱ्यांच्या संघटनांनीही करावा.

2020 च्या टाळेबंदीत पंजाबातल्या काही ग्रामपंचायतींनी भातलावणीच्या मजुरीला कमाल मर्यादा घालणारे ठराव केले होते. नरखेडच्या ग्रामसभांना याच्या नेमका उलटा ठराव करता येईल. दिवाळीपूर्वी ग्रामसभा घ्या, सभेला वावराचे मालकही असोत आणि वेचणाऱ्या बायाही. किलोचा दर ठरवा. शेवटच्या वेच्याला दिवसाचा हमीदर ठरवा. बाई-गडी दर एक ठेवा. मग तोच ठराव कृषिमूल्य आयोगाकडे आणि राज्याच्या कृषी खात्याकडे पाठवा, खाली लिहून की आमच्या गावात कापूस वेचायला एवढा खर्च येतो, भाव काढताना हा धरा. त्या कागदावर कास्तकाराची आणि मजूर बाईची सही शेजारी शेजारी असेल, तर तो कुणाला बाजूला ठेवता येणार नाही.